रामामध्ये दगड सरळ पडत नाही

2025च्या जुलैत चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेला एक धूमकेतू सापडला. त्याचं नाव थ्री-आय/अ‍ॅटलास. 2017चा ओउमुआमुआ आणि 2019चा बोरिसोव्ह यांच्यानंतरचा हा तिसरा परका पाहुणा. लगेच फॉरवर्ड सुरू झाले: हे परग्रहवासीयांचं यान आहे, नासा लपवतेय, वगैरे. तो ऑक्टोबरअखेर सूर्याजवळून गेला, धूमकेतू सोडतात तशी धूळ आणि वायू सोडत राहिला आणि डिसेंबरमध्ये पृथ्वीपासून सुमारे 27 कोटी किलोमीटर अंतर राखून आपल्या वाटेनं निघाला. फॉरवर्डवाल्यांपैकी कुणी नंतर 'चुकलं बरं का' म्हटल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

या गोंधळाचा मला एक फायदा झाला. आमचा सात-आठ जणांचा वाचनगट आहे. 'क्लार्क वाचू, क्लार्क वाचू' असं मी कधीपासून म्हणत होतो, पण 'विज्ञानकथा नको बाबा' म्हणून विषय टळायचा. या वेळी कुणी टाळला नाही. आर्थर सी. क्लार्क यांची 1973ची 'राँदेव्हू विथ रामा' ही कादंबरी आम्ही चार बैठकांत वाचली.

गोष्ट 2131 सालातली. सूर्यमालेबाहेरून एक मोठी वस्तू येते. ग्रीक आणि रोमन देवदेवतांची नावं खगोलवाल्यांनी तोवर वापरून संपवलेली असतात, हिंदू नावांची पाळी चालू असते, म्हणून ही 'रामा'. तिच्याजवळून फोटो काढायला पाठवलेल्या यानाचं नाव 'सीता'. क्लार्क 1956पासून श्रीलंकेत राहत होते, तेव्हा ही गंमत त्यांनी जाणूनबुजून केली असणार. नावापलीकडे कादंबरीचा रामायणाशी काडीचाही संबंध नाही. त्यामुळे 'बघा, पाश्चात्त्यांनाही पुष्पक विमान पटलं' असं म्हणायला कुणी निघालं असेल तर त्यांनी आधी पुस्तक वाचावं. ओउमुआमुआ सापडला तेव्हा त्यालाही 'रामा' हे नाव सुचवलं गेलं होतं, ते मात्र याच कादंबरीमुळे.

रामा लघुग्रह नाही, हा संशय आधी कशावरून येतो? तिच्या गिरकीवरून. ती चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारते. खरे लघुग्रह, म्हणजे काहीशे मीटरांहून मोठे, सहसा साधारण सव्वादोन तासांहून वेगानं फिरताना आढळत नाहीत. त्यातले बरेचसे दगडधोंड्यांचे सैल ढीग असतात. त्याहून जोरात फिरवलं तर विषुववृत्तावरचे दगड सुटून जातील, त्यांना धरून ठेवायला ढिगाचं गुरुत्व पुरणार नाही. दहा-वीस किलोमीटरचं धूड चार मिनिटांत फिरतंय म्हणजे ते ढीग नव्हे, एकसंध आणि भक्कम काहीतरी आहे. जवळ गेल्यावर दिसतं, 50 किलोमीटर लांब आणि 20 किलोमीटर रुंद असं गुळगुळीत नळकांडं. आत पोकळ. आतल्या पोकळीचा व्यास 16 किलोमीटर. माणसं त्याच्या टोकाशी, मधोमध, आसापाशी उतरतात. तिथं वजन शून्य. तिथून जिन्यानं खाली येऊ लागतात तसतसं वजन वाढत जातं.

पात्रांबद्दल फार बोलायला नको. यानाचा कप्तान नॉर्टन पुस्तक मिटताक्षणी विसरला जातो, असं गटात एकमतानं ठरलं. नंतरचे भाग क्लार्क यांनी जेंट्री ली यांच्यासोबत लिहिले. ते मी दोनदा हातात घेतले आणि दोनदा खाली ठेवले. पण या पहिल्या पुस्तकातलं पात्र म्हणजे ते नळकांडंच आहे आणि त्याच्या आतलं भौतिकशास्त्र.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. जिमी पाक नावाचा तरुण सायकलसारख्या हलक्या विमानातून आसाच्या बाजूनं दूर दक्षिणेला जातो आणि तिथं अडकतो. परत यायचं तर समुद्रावर उभ्या असलेल्या 500 मीटर उंच कड्यावरून उडी मारायची. तो शर्टाचंच पॅराशूट करतो आणि उडी घेतो. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "तो पडतो कसा? ओढणारं आहेच कोण तिथं?"

कुणीच नाही. रामाच्या आत दगड पडत नसतो, जमीन त्याला येऊन भेटते. गोफण आठवा. दोरी सुटली की दगड बाहेरच्या दिशेनं उडत नाही, त्या क्षणी तो ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं, वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून, सरळ जातो. रामामध्ये तुम्ही हातात दगड धरून उभे असता तेव्हा तुम्ही आणि दगड दोघंही फिरत असता. दगड सोडलात की त्याच्यावर कसलंही बल उरत नाही, तो सरळ रेषेत चालू लागतो. जमीन गोल वळत वर येत असते, ती त्याला गाठते. तुम्ही जमिनीबरोबर फिरत असल्यामुळे तुम्हाला वाटतं, दगड खाली पडला.

पण नेमका कुठं? इथं मी कागद काढला आणि दोघांनी घड्याळाकडे पाहायला सुरुवात केली.

पाण्याची पातळी आसापासून 8 किलोमीटर, म्हणजे कड्याचा माथा 7.5 किलोमीटरवर. दगड माथ्यावरून सुटला की सरळ रेषेत पाण्यापर्यंतचं अंतर पायथागोरसनं निघतं: 8 चा वर्ग वजा 7.5 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. सुमारे 2.78 किलोमीटर. माथ्याचा वेग सेकंदाला 196 मीटर, म्हणून हे अंतर कापायला 14 सेकंद. तेवढ्या वेळात दगड आसाभोवती 20.4 अंश सरकतो आणि नळकांडं 21.3 अंश. फरक एका अंशाहूनही कमी, पण 8 किलोमीटर त्रिज्येवर तो सुमारे 126 मीटर भरतो. दगड कड्याच्या पायथ्याशी पडत नाही, फिरण्याच्या उलट दिशेला, कड्याला समांतर, सव्वाशे मीटर मागं पडतो. यालाच कोरिऑलिस परिणाम म्हणतात. (हा हिशोब हवा वगळून केलाय. जिमी शर्टाला लटकून सावकाश उतरला आणि हवा रामाबरोबर फिरत असते, म्हणून त्याला एवढा फटका बसणार नाही.)

या आकडेमोडीतली माझी लाडकी गोष्ट वेगळीच आहे. फिरण्याचा वेग दुप्पट करा. दगड निम्म्या वेळात पडेल, पण तेवढ्या वेळात नळकांडंही तितक्याच अंशांतून फिरेल. मागं पडण्याचं अंतर तेच! ते फक्त दोन त्रिज्यांवर ठरतं, वेग हिशोबातून गळून पडतो. म्हणून नळकांडं लहान असेल तर कितीही हळू फिरवा, सुटका नाही. क्लार्क यांच्याच 1968च्या 'टू थाउजंड वन'मध्ये यानातला फिरता पिंप 35 फूट व्यासाचा आहे. त्यात 1.2 मीटरवरून पेन्सिल सोडली तर ती सुमारे 70 सेंटिमीटर बाजूला पडेल. शिवाय उभ्या माणसाच्या डोक्याला पायांपेक्षा एक तृतीयांश कमी वजन जाणवेल. रामामध्ये हा फरक कळणारच नाही. 60 किलोच्या माणसाला आपण डोक्यापासून पायांपर्यंत सारखेच, 33-34 किलोचे, झाल्यासारखं वाटेल.

काकांना आकडे पटले नाहीत, म्हणून पुठ्ठ्याची चकती कापली, मधोमध टाचणी टोचली. एकीनं चकती फिरवत ठेवली आणि मी वर पट्टी स्थिर धरून पेन सरळ ओढलं. चकतीवर उमटली ती कमान. काकांनी ती चकती घडी घालून खिशात ठेवली.

वादळाचा भागही याच जातीचा. सूर्याजवळ आल्यावर रामाचं कवच तापतं, जमिनीलगतची हवा गरम होऊन आसाकडे चढते. जमिनीचा वेग ताशी साडेसातशे किलोमीटर. चढणारी हवा कोनीय संवेग राखते, म्हणजे त्रिज्या घटली की तिचा वेग वाढतो, उलट त्या उंचीवरची हवा जमिनीहून हळू चाललेली असते. नुसती एक किलोमीटर वर चढली तरी, घर्षण सोडून दिलं तर, ताशी 200 किलोमीटरचा वारा.

इथं दोघं चहाच्या निमित्तानं उठले. त्यांना दोष देत नाही.

शेवटच्या बैठकीत मी एक कोडं घातलं. रामाच्या मध्यावर पट्ट्यासारखा वर्तुळाकार समुद्र आहे, 10 किलोमीटर रुंद. त्याचा उत्तरेचा किनारा 50 मीटर उंच, दक्षिणेचा 500. बांधणाऱ्यांनी दोन किनारे सारखे का ठेवले नाहीत? कुणी म्हणालं भरती-ओहोटी, कुणी म्हणालं तटबंदी. गटात सर्वांत लहान असलेल्या, नववीतल्या मुलीनं पाण्यानं भरलेला ग्लास पुढे घेतला आणि टेबलावरून झटक्यात उत्तरेच्या भिंतीकडे सरकवला. पाणी मागच्या, दक्षिणेच्या कडेवर चढून माझ्या पुस्तकावर सांडलं.

"हिला इंजिन आहे," ती म्हणाली.