फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली कसा उतरला

ठाण्यातल्या मंगल कार्यालयात मंगलाष्टके सुरू झाली, की स्टेजच्या कडेला मदतनिसाने दांड्यावर उंच धरलेला फ्लॅश हमखास दिसतो; छायाचित्रकार मात्र चार पावले दूर, दुसऱ्याच बाजूला उभा असतो. ही डिजिटल जमान्यातली नवी टूम आहे, असा समज आहे. वस्तुतः फ्लॅशचा जन्मच कॅमेऱ्यापासून दूर झाला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर तो पुष्कळ नंतर चढला.

1887 मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून झटक्यात पेटणारी पावडर तयार केली. धूर, ठिणग्या आणि भाजण्याची धास्ती यांमुळे ती वेगळ्या तबकात, कॅमेऱ्यापासून अंतर राखूनच पेटवावी लागे. न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांच्या अंधाऱ्या खोल्या पत्रकार जेकब रीस यांनी अशाच उजेडात टिपल्या. पुढे 1930 च्या सुमारास एकदाच पेटणारे बल्ब आले आणि 1931 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी वायूच्या नळीतून विजेचा साठा क्षणात सोडणारा, पुन्हापुन्हा वापरता येणारा फ्लॅश विकसित केला.

हा फ्लॅश लहान, स्वस्त आणि बॅटरीवर चालणारा झाल्यावर कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, म्हणजे हॉट शूवर, जाऊन बसला. सोय झाली, पण प्रकाश आणि लेन्स एकाच दिशेने पाहू लागल्यामुळे चेहऱ्याचे उंचसखल पुसले गेले. जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचे चकाकणारे कपाळ आणि मागच्या पडद्यावर पडलेली तिची काळी सावली दिसते, ती याचीच खूण. उजेड छतावरून परतावा म्हणून फ्लॅश तिकडे वळवावा, तर कार्यालयाचे छत उंच आणि बहुधा रंगीत; उजेड क्षीण आणि रंग घेऊन परते.

कॅमेऱ्यापासून दूर ठेवून वायरने जोडलेला फ्लॅश स्टुडिओत ठीक होता. पाहुण्यांच्या गर्दीत ती वायर पायात येई. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणारा स्लेव्ह आला, तेव्हा सुटलो असे वाटले. नौपाड्यातल्या एका लग्नात मात्र माझा स्लेव्ह प्रत्येक मामा-काकाच्या खिशातल्या कॅमेऱ्याला साथ देत राहिला आणि आंतरपाट दूर झाला त्या क्षणी चार्ज होत बसला. तो फोटो काळोखाच निघाला.

2003 मध्ये निकॉनने एसबी-800 या फ्लॅशबरोबर आणलेल्या पद्धतीत कॅमेरा उजेडाच्या सांकेतिक झपक्यांनी फ्लॅशला हुकूम देऊ लागला; त्यामुळे परक्या फ्लॅशचा त्रास मिटला, तरी खांब मध्ये आला की संकेत पोचण्याची खात्री नसे. 2006 पासून बाल्टिमोरचे वृत्तछायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी स्टँडवरच्या छोट्या फ्लॅशचे तंत्र जगभर पोचवले. खरा फरक माझ्या मते रेडिओलहरींनी फ्लॅश पेटवणारा रेडिओ ट्रिगर स्वस्त झाल्यावर पडला, कारण त्याला खांबही अडवत नाही आणि मामांचा कॅमेराही.

आता आंतरपाटाच्या पलीकडे, वधूच्या मागे, एक फ्लॅश लपवता येतो; अलीकडून कापडावर तिची सावली आणि मुंडावळ्यांची लोंबती सर स्वच्छ उमटते. गुरुजींना आधी विचारावे लागते, एवढेच.