बालकांच्या नेत्रखोबणीतील दुर्मीळ दोष : पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतील स्कॅन सेंटरबाहेर गोंदिया, बालाघाटकडून आलेले पालक मोठ्या लिफाफ्यातून फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरतात, तेव्हा त्यांना पडणारा प्रश्न रास्तच असतो : दोष डोळ्याचा, मग फोटो कवटीचा कशाला?

डोळ्याची खोबण सात हाडांची मिळून बनते आणि तिची वाढ आतल्या डोळ्याच्या वाढीशी बांधलेली असते. डोळा जन्मतःच नसला किंवा फार लहान राहिला, तर खोबणही खुजी राहते. याउलट कवटीचे सांधे वेळेआधी जुळले, तर खोबण उथळ होऊन धडधाकट डोळाही बाहेर आल्यासारखा दिसतो. एका आईत आणि तिच्या मुलात ही ठेवण पाहून क्रूझों या फ्रेंच वैद्याने १९१२ मध्ये तिची नोंद केली.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, त्यानंतर कितीतरी दशके डॉक्टरांच्या हाती फक्त सावली होती. पण सावली वाचण्यात ती पिढी तरबेज होती. कपाळाजवळचा आडवा सांधा एका बाजूला लवकर जुळला की त्या बाजूच्या खोबणीचा वरचा-बाहेरचा कोपरा तिरका ओढला जातो. विदूषकाच्या मुखवट्यावरून त्याला ‘हार्लेक्विन डोळा’ म्हटले गेले आणि सीटीच्या (क्ष-किरणांनी शरीराचे छेद दाखवणाऱ्या तपासणीच्या) अहवालांतही हे नाव टिकून आहे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या मज्जातंतूंवर गाठी आणणाऱ्या जनुकीय विकाराच्या काही मुलांत खोबणीच्या मागच्या भिंतीतील स्फिनॉइड हाडाचा पंख नीट घडलेलाच नसतो. तिथे मेंदूचे ठोके थेट डोळ्यापर्यंत पोहोचतात आणि डोळा नाडीच्या लयीत हलताना दिसतो.

टेसिए या फ्रेंच शल्यविशारदांनी १९६० च्या दशकात कवटीच्या आतून खोबणी सरकवण्याच्या शस्त्रक्रिया रूढ केल्या, त्यामुळे शल्यविशारदाला भिंतींचे नेमके माप हवे झाले. १९७१ मध्ये लंडनला हाउन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी झाला खरा, पण ते चित्र अवघ्या ८० × ८० चौकटींचे होते. कागदासारख्या पातळ भिंती त्यात कुठून दिसणार? पुढे बारीक छेद आणि त्रिमिती चित्रे आली, तेव्हा कुठे ही गरज भागली.

वाढत्या वयात किरणांचा डोस जपून द्यावा लागतो, म्हणून हाड पाहायचे असेल तिथेच सीटी आणि नेत्रमज्जातंतू, गळू किंवा कवटीच्या फटीतून बाहेर आलेला मेंदूचा फुगवटा पाहायचा असल्यास एमआरआय (क्ष-किरणांऐवजी चुंबकाने घेतलेले चित्र), अशी विभागणी आता रुळली आहे. एमआरआयला मात्र स्तब्धता लागते. थोड्या मोठ्या मुलांना त्यासाठी अनेकदा उपाशी ठेवून गुंगीचे औषध द्यावे लागते, तर काही महिन्यांच्या तान्हुल्यांचे काम पुष्कळदा पोटभर दूध पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळल्यावरही होते.