टँजियरची दोन बंदरं: तुमची बोट नक्की कुठे लागणार आहे?

स्पेनमधून बोटीने मोरोक्कोला जायचं आणि टँजियरमध्ये तीन रात्री राहायचं, असा बेत आता बरीच मराठी मंडळी आखतात. मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीला असते, आईवडील उन्हाळ्यात येतात, सेव्हिल आणि ग्रानादा बघून होतं आणि नकाशावर अगदी खाली, पाण्यापलीकडे आफ्रिका दिसते. मग निरोप येतो, "टँजियरची बोट बुक झाली, हॉटेलही बंदरापासून चालत दहा मिनिटांवर मिळालं." मी फक्त एवढंच विचारते की बोट सुटते कुठून? उत्तर "अल्जेसिरास" असेल तर ते दहा मिनिटांचं हॉटेल बोटीपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

टँजियरला प्रवासी बोटींची बंदरं दोन आहेत. एक शहराला लागून, जुन्या तटबंदीच्या पायथ्याशी: टँजियर व्हिल. दुसरं शहराच्या पूर्वेला साधारण ४५-५० किलोमीटरवर, क्सार एस-सगीर गावाच्या पलीकडे: टँजियर मेड. बुकिंगच्या कित्येक पानांवर दोन्हींसाठी ठळक अक्षरात नुसतं "टँजियर" लिहिलेलं असतं आणि बंदराचं पूर्ण नाव खाली बारीक अक्षरात. मला याचा मनापासून राग येतो, कारण फटका नेहमी पहिल्यांदा जाणाऱ्यालाच बसतो. मुंबईकराला हे एका वाक्यात कळेल: तिकिटावर "मुंबई" असावं, मनात गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्या असाव्यात आणि बोट न्हावाशेवाला लागावी.

शहरातल्या बंदराबद्दल फार सांगत बसत नाही, कारण फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं ते हेच. बोट वळते तशी डोंगरउतारावरची पांढरी घरं दिसू लागतात, वर कसबा, म्हणजे जुना किल्ला, खाली मरीना, म्हणजे खासगी नौकांचा धक्का. बोटीतून उतरून बंदराच्या फाटकाबाहेर पडलं की समोर मदिना, म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर. मोठ्या मशिदीच्या बाजूने चढत जाणारा रस्ता थेट पेटिट सोक्को नावाच्या छोट्या चौकात पोचतो. सामान हलकं असेल तर टॅक्सीची गरजच नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर मात्र घ्या, चढ खरोखर आहे.

आता मेड. हे बंदर मुळात माणसांसाठी नाही, मालासाठी बांधलेलं आहे. २००७ मध्ये कंटेनरची वाहतूक सुरू झाली, प्रवासी बंदर २०१० मध्ये आलं. आज हे आफ्रिकेतलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर आहे. २०२४ साली वीस फुटी मापाने एक कोटीहून अधिक कंटेनर इथून हलले. बोटीतून उतरताना दिसतात ते क्रेन, ट्रकच्या रांगा आणि मागे उघडे डोंगर. पायी प्रवाशाला एवढ्या पसाऱ्यात धक्क्यावरून चालत बाहेर पडता येत नाही, बंदराच्या बसने इमारतीपर्यंत नेतात. तिथे सामानाची तपासणी होते, आणि त्यानंतर शहर गाठायचं काम सुरू होतं. बस आहे, पण तिची वेळ तुमच्या बोटीशी जुळेलच असं नाही. उरते ती ग्रँड टॅक्सी, म्हणजे दोन गावांमधली टॅक्सी. ती सहा प्रवासी भरून माणशी भाड्यावर चालते किंवा सबंध गाडी ठरवावी लागते. मीटर नाही. बाहेर उभ्या चालकाला ठाऊक असतं की तुमच्याकडे दुसरा पर्याय नाही, तेव्हा भाव सामान डिकीत ठेवण्याआधी ठरवा.

गोंधळ इतका का टिकून आहे, याचं कारण साधं आहे. २०१० पर्यंत अल्जेसिरासच्या बोटीही शहरातल्याच बंदरात लागत. त्या वर्षी ती वाहतूक मेडला हलवली आणि शहरातलं बंदर स्पेनच्याच तारिफा बंदरातून येणाऱ्या जलद बोटी, क्रूझ आणि मरीना यांच्यासाठी ठेवलं. पण जुने सल्ले तसेच फिरत राहिले. "अल्जेसिरासहून जा, मोठं बंदर आहे, बोटी जास्त आहेत, उतरलं की समोर मदिना," हे वाक्य मला अजूनही ऐकवलं जातं. त्यातला पहिला अर्धा भाग आजही खरा आहे, म्हणूनच दुसऱ्यावर विश्वास बसतो.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: तारिफाहून सुटणारी बोट शहरात लागते, अल्जेसिरासहून सुटणारी मेडला. बार्सिलोना, फ्रान्समधलं सेत, इटलीतलं जिनोआ इथून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बोटीही मेडलाच. तिकीट काढताना पोचण्याच्या बंदराचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नका. तारिफा आणि अल्जेसिरास एकमेकांपासून रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटरवर आहेत, त्यामुळे "आम्हाला अल्जेसिरासच सोयीचं पडतं" हे कारण मी मान्य करत नाही.

येताना झालेली चूक निस्तरता येते, टॅक्सीचे पैसे जातात आणि अर्धा दिवस जातो. परतीला तीच चूक झाली तर बोट जाते. माणूस तीन दिवस टँजियरमध्ये फिरलेला असतो, कॅफेत बसून खालचं बंदर रोज पाहिलेलं असतं, बोटी येता-जाता दिसलेल्या असतात. शेवटच्या दिवशी बॅगा घेऊन तो आरामात त्याच बंदरात उतरतो आणि खिडकीवरचा माणूस तिकीट बघून सांगतो की ही बोट मेडहून सुटते. तासभर हातात असला तरी उपयोग नाही. रस्ता पाऊण ते एक तासाचा, आणि पुढे पासपोर्ट नि सामानाच्या रांगा. म्हणून जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर दोन्हींवरची बंदरं शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा.

याच गोंधळाचं एक धाकटं भावंडही आहे. टँजियरच्या मुख्य रेल्वे स्थानकाचं नावही टँजियर व्हिलच. ते बंदराजवळ नाही, किनाऱ्याकाठी काही किलोमीटर पुढे आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं "टँजियर व्हिल" सांगू नका; स्थानक की बंदर ते सांगा. शहरात फिरणारी छोटी, निळसर रंगाची पेटिट टॅक्सी एवढ्या अंतराला पुरते. ती शहराबाहेर जात नाही, म्हणजे मेडलाही नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. तारिफाची बोट साधारण तासाभरात पोचते, अल्जेसिरासची दीड तासाच्या आसपास. अल्जेसिरासहून फेऱ्या जास्त, रात्रीच्याही. बोटीवरचं खाणं दोन्हीकडे सारखंच सामान्य, डबा सोबत ठेवा.

मेडचं बंदर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. गाडी घेऊन जाणार असाल, किंवा टँजियर टाळून थेट तेतुआन आणि शेफशावेन या गावांकडे वळायचं असेल, तर मेडच योग्य. पण पायी प्रवासी, दोन बॅगा, बरोबर सत्तरीतले आईवडील आणि मुक्काम मदिनात, असं असेल तर तारिफाच. उन्हाळ्यात तर नक्कीच. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत युरोपात स्थायिक झालेले मोरोक्कन लोक लाखोंच्या संख्येने गाड्या भरून गावी जातात आणि परततात. त्या गर्दीचा मुख्य भार अल्जेसिरास आणि मेडवर पडतो, जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये विशेष.

दोन्ही बंदरांना सारखीच लागू असलेली गोष्ट म्हणजे व्हिसा, आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी ती बंदराच्याही आधी बघावी. स्पेनच्या धक्क्यावर बाहेर पडल्याची नोंद झाली की तुम्ही शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडलात. आईवडिलांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो तिथे संपला. संध्याकाळी परत यायचं म्हटलं तरी स्पेन आत घेणार नाही. "एका दिवसाची आफ्रिका सहल" विकणारे हे ठळकपणे सांगत नाहीत. मोरोक्कोचा ई-व्हिसा भारतीयांना ऑनलाइन काढता येतो, तो वेगळा लागतोच. व्हिसा एका प्रवेशाचाच असेल तर त्यावर एक सरळ उपाय आहे: परत येऊच नका. टँजियरहून अल बोराक ही २०१८ मध्ये सुरू झालेली वेगवान गाडी ताशी ३२० किलोमीटरपर्यंत धावते आणि सव्वादोन तासांच्या आत कॅसाब्लांकाला पोचवते. तिथून भारताकडे निघा. शक्य असेल त्यांना मी हाच मार्ग सुचवते, व्हिसाची अडचण नसली तरी.

घड्याळाचंही पाहा. बोटीच्या वेळा त्या त्या देशाच्या घड्याळाने छापलेल्या असतात. युरोपच्या उन्हाळी वेळेत मोरोक्को स्पेनच्या एक तास मागे असतो, म्हणून तारिफाहून नऊला निघालेली बोट टँजियरला नऊच्या सुमारास पोचलेली दिसते. ही छपाईची चूक नव्हे. येताना उलट, एका तासाच्या प्रवासात घड्याळ दोन तास पुढे जातं, आणि स्पेनमधल्या मलागाचं विमान गाठायचं असेल तर तो तास मोजलेला बरा. हिवाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ. रमजानच्या महिन्यात मोरोक्को आणखी एक तास मागे जातो.

आता तीन दिवसांचं. शहरातल्या बंदरात सकाळी उतरलात तर पहिला दिवस पूर्ण हातात असतो. मदिना, तिथून वर ग्रँड सोक्को. या चौकाचं अधिकृत नाव ९ एप्रिल १९४७ चौक, कारण त्या दिवसांत सुलतान मोहम्मद पाचवे यांनी टँजियरला येऊन देशाच्या एकतेचं भाषण केलं. तेव्हा शहर आंतरराष्ट्रीय प्रशासनाखाली होतं. १९२३ च्या करारापासून १९५६ पर्यंत. चौकाजवळच सेंट अँड्र्यूज चर्च आहे, आत कमानीवर ख्रिस्ती प्रार्थना अरबीत कोरलेली. ती बघायला जरूर आत जा. मदिनातच अमेरिकन लेगेशन, म्हणजे अमेरिकेची जुनी वकिलात आहे, १८२१ मध्ये सुलतानाने अमेरिकेला भेट दिलेली इमारत. दुसरा दिवस कसबा, तिथलं संग्रहालय, मार्शान भागातली खडकात खोदलेली फिनिशियन थडगी आणि १९२१ पासून चालू असलेलं कॅफे हाफा. पुदिन्याचा चहा घेऊन त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गच्चीवर दोन तास बसा. हवा स्वच्छ असेल तर समोर स्पेनचा किनारा दिसतो. तिसरा दिवस केप स्पार्टेलचं १८६४ चं दीपगृह आणि हर्क्युलीसच्या गुहा, किंवा असिला हे किनाऱ्यावरचं गाव. शेफशावेन एका दिवसात कोंबू नका. जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीत जातात, त्याला रात्रीचा मुक्काम द्या.

मेडला उतरलात तर या तीनातला पहिला दिवस दुपारी सुरू होतो. उशिराच्या बोटीने आलात तर सुरूच होत नाही.

शहरातल्या बंदराचा माझा आग्रह निव्वळ सोयीसाठी नाही. आपल्या वाचकाला त्या धक्क्याशी थेट नातं आहे. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालच्या कॅथरिनच्या हुंड्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दोन ठिकाणं मिळाली: मुंबई आणि टँजियर. त्या वेळी इंग्लंडला टँजियर अधिक मोलाचं वाटलं. तिथे त्यांनी समुद्रात लांबलचक धक्का बांधायला घेतला, त्यावर अफाट पैसा ओतला. मुंबई मात्र १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. १६८४ मध्ये टँजियर सोडताना तो धक्का त्यांनी स्वतःच सुरुंग लावून उडवला. तारिफाच्या बोटीने तुम्ही उतरता ते याच उपसागरात, याच तटाखाली. वर मदिनाच्या एका अरुंद गल्लीत इब्न बतूताची म्हणून दाखवली जाणारी छोटी कबर आहे. १३०४ मध्ये इथेच जन्मलेला हा माणूस दिल्लीच्या तुघलकाकडे काझी होता, दौलताबाद आणि नंदुरबारला येऊन गेला आणि तिथल्या मराठ्यांबद्दल लिहून ठेवलं. मराठी माणसाने मेडच्या क्रेनखालून टॅक्सीत बसून या शहरात शिरावं हे मला खरंच पटत नाही.

तारिफाच्या विरोधात एकच मुद्दा मला मान्य आहे, तो वाऱ्याचा. स्पेन आणि मोरोक्कोमधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी १४ किलोमीटर आहे आणि तिथून पूर्वेचा वारा जोरात घुसतो. स्पेनमध्ये त्याला लेवांते म्हणतात, टँजियरमध्ये शरगी. तो चढला की तारिफाच्या जलद बोटी आधी रद्द होतात, कधी सलग दोन दिवस. तेव्हा प्रवाशांना अनेकदा अल्जेसिरासला वळवतात, आणि तुम्ही नीट वाचून काढलेलं तिकीट असूनही मेडला पोचता. यासाठी तीन गोष्टी करून ठेवा. हॉटेलला आधीच विचारा की मेडहून गाडी पाठवाल का आणि किती घ्याल. आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज आणि बोट कंपनीची सूचना बघा. आणि परतीची बोट नि युरोपातलं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र तारिफात काढा.