बहुअंकी गुणाकार (प्राथमिक शालेय गणित)

एकापेक्षा अधिक अंक असलेल्या संख्यांचा परस्परांशी गुणाकार करण्याच्या रीतीला बहुअंकी गुणाकार म्हणतात. ज्या संख्येला गुणायचे ती गुण्य आणि जिने गुणायचे ती गुणक होय. ही रीत प्राथमिक शाळेच्या मधल्या इयत्तांत टप्प्याटप्प्याने शिकवली जाते. त्यासाठी पाढे, हातच्याची बेरीज आणि स्थानिक किंमत या तिन्हींची तयारी लागते. पाढ्यांवर शाळेत आणि घरी भरपूर मेहनत घेतली जाते, मात्र रीतीचा खरा आधार असलेली स्थानिक किंमत बहुधा घाईत उरकली जाते.

संकल्पना. काटोल-नरखेड परिसरातील संत्र्याच्या एखाद्या बागेत ४७ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३६ झाडे आहेत असे मानू. नागपूर जिल्ह्यातील मुलांना हे दृश्य ओळखीचे असते आणि गुणाकाराची आयताकृती मांडणी त्यात आयतीच सापडते. ओळींचे ४० आणि ७, तर झाडांचे ३० आणि ६ असे भाग पाडले की बागेचे चार तुकडे होतात. त्यांत अनुक्रमे १२००, २४०, २१० आणि ४२ झाडे येतात व त्यांची बेरीज १६९२ होते. उभ्या मांडणीत हेच चार तुकडे दोन ओळींत सामावलेले असतात. ४७ ला ६ ने गुणून पहिली ओळ २८२ येते, ४७ ला ३० ने गुणून दुसरी ओळ १४१० येते आणि दोन्हींची बेरीज पुन्हा १६९२ च होते. दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात जे शून्य किंवा फुली मांडतात, ती या ३० ची खूण आहे. ‘एक घर सोडून लिहा’ एवढेच सांगितले तर मूल घर सोडते, पण का सोडले हे त्याला कळत नाही, आणि गुणक तीन अंकी झाला की तिसऱ्या ओळीत किती घरे सोडायची याचा गोंधळ उडतो. म्हणून आधी चौकटीत चार तुकडे मांडून घ्यावेत आणि मुलाला ते स्वतःहून जुळवता आल्यानंतरच उभ्या मांडणीकडे वळावे, हा क्रम अधिक योग्य ठरतो.

परंपरा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) गुणाकाराचे पहिले उदाहरण १३५ गुणिले १२ असे आहे. त्यात गुणकाचे ८ आणि ४ असे खंड पाडून १०८० आणि ५४० मिळवतात व त्यांच्या बेरजेने १६२० हे उत्तर काढतात. स्थानानुसार विभाग पाडण्याची रीतही तेथे दिलेली आहे. नागपूरचा या विषयाशी वेगळाच एक संबंध आहे. पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी १९५३ मध्ये नागपुरात श्री विश्वपुनर्निर्माण संघ स्थापन केला आणि त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये ‘वैदिक गणित’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील सूत्रे उपलब्ध वैदिक वाङ्मयात आढळत नाहीत, त्यामुळे ‘वैदिक’ हे विशेषण अभ्यासकांना मान्य नाही. रीती मात्र गणिताच्या दृष्टीने अचूक आहेत. ‘ऊर्ध्वतिर्यग्भ्याम्’ या सूत्राप्रमाणे ४७ गुणिले ३६ करताना दशकांचा गुणाकार १२, तिरक्या गुणाकारांची बेरीज २४ अधिक २१ म्हणजे ४५ आणि एककांचा गुणाकार ४२ येतो. १२००, ४५० आणि ४२ मिळून १६९२ होतात. म्हणजे बागेचे तेच चार तुकडे येथे वेगळ्या क्रमाने घेतले जातात. समज पक्की झालेल्या मुलाला या रीतीने वेग मिळतो, पण समजेच्या आधीच ती शिकवल्यास पाठ करायची आणखी एक कृती तेवढी वाढते.

नेहमीच्या चुका. हातचा आधी मिळवून मग गुणणे ही एक सर्रास चूक आहे. ४७ ला ६ ने गुणताना सात सक बेचाळीस, हातचे ४. ते दशकाच्या ४ मध्ये मिळवून ८ ला ६ ने गुणले की २८२ ऐवजी ४८२ येतात. गुण्यात मध्ये शून्य असले की अडचण वाढते. ३०५ ला ४ ने गुणताना दशकाच्या घरात हातचे २ लिहायचे असतात, पण ‘शून्याला काहीही गुणले तरी शून्य’ हे डोक्यात असलेले मूल तेथे ० लिहून हातचा पुढे नेते आणि १२२० ऐवजी १४०० उत्तर काढते. अशी वही नुसती लाल शाईने खोडून परत दिल्यास चुकीमागचा विचार तसाच राहतो. मुलाकडून पायरीपायरीने तोंडी वदवून घेतले तर तो लगेच सापडतो.

पडताळा. अंकांच्या बेरजेवरून घेतली जाणारी नऊची कसोटी (गुण्य व गुणक यांच्या अंकांच्या बेरजांचा गुणाकार आणि उत्तराच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागून सारखीच बाकी उरते का ते पाहणे) बरीच प्रचलित आहे, परंतु दुसऱ्या ओळीतील शून्य विसरण्याची चूक तिला पकडता येत नाही. १४१० च्या जागी १४१ लिहिले तर उत्तर ४२३ येते. १६९२ आणि ४२३ या दोन्हींच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीतच येते आणि चुकीचे उत्तर कसोटीतून सहीसलामत सुटते. शून्याने अंकांची बेरीज बदलत नसल्यामुळे हे प्रत्येक उदाहरणात घडते. त्याऐवजी गुणाकाराला हात घालण्यापूर्वीच ४० गुणिले ३० म्हणजे १२०० हा अंदाज वहीच्या समासात लिहून घेतला, तर उत्तर १२०० पेक्षा मोठे असलेच पाहिजे हे मुलाला आधीच माहीत असते आणि ४२३ मधील चूक त्याची त्यालाच दिसते.