दुकानातलं बी म्हणजे हायब्रीड नव्हे

"घरचं सोयाबीन पेरू नको, हायब्रीड हाय ते. दुसऱ्या साली फसतंय." दर मे महिन्यात हे ऐकून कान किटले. यंदा आमच्या तात्यांनीच ऐकवलं, तेही घरात फुले संगम या सोयाबीनची चार पोती असताना. संगमचा नंबर केडीएस ७२६. त्यातलं केडी म्हणजे सांगलीजवळचं आपलं कसबे डिग्रज, तिथल्या संशोधन केंद्राचं हे वाण.

गावरान बी कोणाला सांगायला नको. कोरेगावचा पट्ट्यापट्ट्यांचा वाघ्या घेवडा घ्या, पिढ्यान्‌पिढ्या घरात राखलेला, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. (पण 'गावरान सोयाबीन' म्हणू नका. ते पीक मूळचं चीनचं.)

गोंधळ आहे तो सुधारित आणि संकरित म्हणजे हायब्रीड यांत, आणि त्याचं मूळ 'संकर' या शब्दात. सुधारित वाण काढतानाही सुरुवातीला दोन वाणांचा संकर करतात, पण एकदाच. पुढे सहा-सात पिढ्या निवड करत ते स्थिर होईपर्यंत थांबतात. हायब्रीडमध्ये मात्र संकराची पहिली पिढीच पिशवीत भरून विकतात. मक्याचं तसं बी पुन्हा पेरलं की एक ताट गुडघ्याला, दुसरं डोक्याला. ती धास्ती आपण सोयाबीनला, हरभऱ्याला चिकटवली. यांच्या फुलात पाकळी उघडायच्या आतच परागीभवन उरकतं. प्रत्येक फुलावर हातानं संकर करायचा म्हटलं, तर पिशवीची किंमत कोणाला परवडेल? म्हणून घरचं संगम म्हणजे संगमच. ते पेरायला कायद्याचीही आडकाठी नाही.

मग फसतं कशानं? सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ, मळणी यंत्र जोरात, दाण्याला आतून तडा. दोष उगवणीचा, जातीचा नव्हे.

तूर वेगळी. तिच्यावर मधमाश्या फिरतात, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असलं की भेसळ ठरलेली. बी राखायचं तर अंतर सोडा. तुरीत खरं हायब्रीडही आहे: आयसीपीएच २६७१, मध्य प्रदेशात २०१० साली आलं. त्यासाठी लागणारी नरवंध्य मादी, म्हणजे जिच्या फुलात कामाचे परागकणच धरत नाहीत ती, तुरीच्या रानटी भावकीतून मिळाली. कोणी तण म्हणून उपटलं असतं असलं झुडूप! हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत तुरीचे १३,००० हून जास्त नमुने थंडीत ठेवलेत, ते उगीच नव्हे. तरी माझं मत विचाराल तर वाघ्या शेतातही पेरला पाहिजे. शीतगृहातल्या दाण्याला नव्या रोगाची गाठ पडत नाही, मग तो तगायला शिकणार कसा?

तात्यांसमोर ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडले, गुंडाळी केली, रोज पाणी शिंपडलं. ७० उगवले तरी एकरी ३० किलोनं पेरता येतं. सहाव्या दिवशी ८३ मोजले. तात्या काही बोलले नाहीत, कोटाच्या खिशात नव्या पिशव्यांची पावती शोधू लागले.