कुत्री-मांजरं छपरावरून पडत नव्हती

इंग्रजीत जोराच्या पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणतात. त्याबद्दलचा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: पूर्वी इंग्लंडात घरं गवताने शाकारलेली असत, उबेसाठी कुत्री-मांजरं छपरात झोपत आणि पाऊस आला की घसरून खाली पडत.

गोष्ट खरी वाटावी अशीच आहे. आमच्या बीडकडे ऊसतोडीच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपड्या, पाहिलेल्या माणसाला तर ती पटकन पटते. पण त्याच कोपीकडे जरा नीट बघा. पाचट उतारावर दाबून बसवलेलं असतं, पाणी वरच्या वर निथळून जावं म्हणून. इंग्लंडातलं गवती छप्परही याच तत्त्वावर, आणखी जाड आणि घट्ट. आत ऊब मिळण्यासाठी जनावराला त्यात खोल शिरावं लागेल; वर नुसतं बसलं तर ते भिजणारच. उंदीर आत घर करेल, पण कुत्रा? तो पावसात चुलीजवळ किंवा बाजेखाली जातो.

दुसरं, जुन्या वापराच्या नोंदी. १६५०च्या दशकातल्या इंग्रजी लिखाणात असे प्रयोग सापडतात, आजचं रूप १७३८ साली छापलेलं आहे. त्यात जनावरं छपरावरून पडल्याचा उल्लेख कुठेच नाही. वापराची सालं देणारा मोठा इंग्रजी शब्दकोश उघडून ही सालं कुणालाही पडताळता येतात.

आणि आपलं ‘मुसळधार’ घ्या ना. मुसळं कुणाच्या माळवदावरून पडली नव्हती. पावसाची धार तेवढी जाड, एवढंच सांगायचं होतं.