आइसलँडच्या हिवाळी व्हेल-सफरी: हेरिंगच्या मागोमाग

रेक्याविकच्या जुन्या बंदरात डिसेंबरच्या शेवटी सूर्य सव्वाअकरानंतर उगवतो आणि साडेतीनला मावळतो. व्हेल बघायला निघणाऱ्या बोटीला तेवढ्याच उजेडात जाऊन यायचं असतं, आणि सफर असते तीन तासांची. बोटीवर चढलं की गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध जाड सूट मिळतो, तो आपल्या जॅकेटवरूनच चढवायचा. डेकवर बर्फाचा पातळ थर धरलेला असला की कठडा सोडायची सोय नसते. पण हिवाळ्याचा एक मोठा फायदा आहे. गार हवेत व्हेलच्या उच्छ्वासाचा फवारा चटकन विरत नाही. सूर्य क्षितिजाला जवळजवळ टेकलेला असतो, त्या तिरप्या उन्हात फवारा उजळून निघतो आणि लांबून नजरेत भरतो. याच बंदरात, तिकीटखिडक्यांपासून हाकेच्या अंतरावर, व्हेलच्या शिकारीच्या काळ्या बोटी वर्षानुवर्षं नांगरून ठेवलेल्या असत. या व्यवसायाचा इतिहास समजून घ्यायचा तर ही दोन्ही दृश्यं एकत्र पाहावी लागतात.

व्हेल हिवाळ्यात उबदार पाण्यात जातात, असं आपण शिकलेलो असतो. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. मिंक व्हेल आइसलँडच्या किनाऱ्यावरून बहुतेक निघून जातात. हंपबॅक जातीच्या व्हेलच्या शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक प्राण्याची वेगळी असते. त्या नक्षीच्या फोटोंवरून आइसलँडचे हंपबॅक कॅरिबियन समुद्रात आणि केप व्हर्दजवळ ओळखले गेले आहेत. पण सगळे जात नाहीत. उत्तरेच्या स्क्याल्वान्दी उपसागरात पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांनी ऐन हिवाळ्यात हंपबॅक नरांचं गाणं टिपलं. हे गाणं उष्ण कटिबंधातल्या प्रजननक्षेत्राचं, असाच तोवर समज होता. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन आणि त्यांच्यासारखेच दिसणारे छोटे पॉर्पॉइज तर बाराही महिने इथेच असतात. राहण्यामागचं कारण एकच, मासे. जानेवारी ते मार्च या काळात कॅपेलिन या छोट्या माशांचे थवे अंडी घालायला उत्तरेकडून पूर्व किनाऱ्याला वळसा घालत दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे येतात. त्यांच्या मागे हंपबॅक असतात. हेरिंग माशांच्या मागे ओर्का असतात.

ओर्काला किलर व्हेल म्हणतात, पण तो डॉल्फिनच्याच कुळातला सर्वांत मोठा प्राणी आहे. त्यामुळे ‘व्हेल की डॉल्फिन’ हा जाहिरातींतला फरक फार ताणू नये. आइसलँडिक भाषेत या सगळ्यांना मिळून ‘क्वालुर’ म्हणतात. आपल्या ‘देवमासा’ या शब्दात देवही आहे आणि मासाही. त्यांच्या भाषेतला ‘क्वालरेकी’ हा शब्द अधिक रोखठोक आहे. किनाऱ्याला लागलेला व्हेल हा त्याचा मूळ अर्थ. आज तो अचानक हाती लागलेल्या घबाडासाठी वापरतात. उपासमारीच्या वर्षी असा एक व्हेल म्हणजे वस्तीचे प्राण वाचणं. तो कोणाचा, जमीनमालकाचा की ज्याचा भाला त्याच्या अंगात सापडला त्याचा, याचे नियम मध्ययुगीन कायद्यांत बारकाईने दिले आहेत.

पुढची शतकं भरभर ओलांडतो. सतराव्या शतकात वायव्येच्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमध्ये, बास्क शिकारी आले. १८८३ पासून नॉर्वेच्या कंपन्यांनी वाफेच्या बोटी आणि स्फोटक भाले आणून किनाऱ्यावर कारखाने थाटले. तीसेक वर्षांत व्हेल इतके घटले की देशाच्या संसदेने १९१५ पासून शिकारच बंद केली. ती १९३५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि १९४८ पासून तिचं केंद्र क्वालफ्योर्दुर इथे राहिलं. या फ्योर्डच्या नावाचा अर्थच ‘व्हेलचा फ्योर्ड’ असा आहे.

हिवाळी सफरींचा धागा मात्र मोठ्या व्हेलच्या शिकारीत सापडत नाही. तो हेरिंगमध्ये सापडतो. १९५० च्या दशकात ओर्का मच्छीमारांची जाळी फाडतात अशी तक्रार होती, आणि केफ्लाविकच्या तळावरच्या अमेरिकी नौदलाने त्यांच्यावर शस्त्रं चालवली. वीस वर्षांत हाच प्राणी मौल्यवान ठरला. १९७६ ते १९८९ या काळात आइसलँडच्या पाण्यातून पन्नासहून अधिक ओर्का जिवंत पकडून जगभरच्या मत्स्यालयांना विकले गेले. पकडण्याचा हंगाम होता शरद ऋतूच्या अखेरीचा आणि हिवाळ्याच्या तोंडाचा. हेरिंगची जाळी पाण्यात असत, आणि जाळ्यांभोवती ओर्का गोळा होत. १९७९ मध्ये पकडलेला केइको नावाचा ओर्का हॉलिवूडच्या चित्रपटामुळे जगाला माहीत झाला. १९९८ मध्ये त्याला विमानाने आइसलँडच्या वेस्टमन बेटांवर परत आणलं, २००२ मध्ये तो पोहत नॉर्वेला गेला आणि डिसेंबर २००३ मध्ये तिथे वारला. त्याच्याबरोबरच्या बाकीच्यांची नावंही कोणाला आठवत नाहीत, ही गोष्ट मला फार बोचते.

पकडणं थांबल्यावर दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, आग्नेय किनाऱ्यावरच्या ह्योप्न गावातून पर्यटकांसाठी पहिल्या व्हेल-सफरी निघाल्या. १९९५ मध्ये हुसाविकने सुरुवात केली. मासेमारीचे कोटे मोजक्या हातांत एकवटत चालल्यामुळे छोट्या गावांतल्या ओकच्या लाकडी बोटी तेव्हा निकामी ठरत होत्या, कित्येक मोडून जाळल्या जात होत्या. हुसाविकमध्ये त्यांतल्या काही डागडुजी करून समुद्रात परत आणल्या. ज्या खोलगट भागात मासे ओतायचे त्याच्या वरच्या फळ्यांवर आता माणसं उभी राहू लागली. १९९५ मध्ये देशभर दोन-सव्वादोन हजार प्रवासी होते. वीस वर्षांनी ती संख्या साडेतीन लाखांच्या आसपास गेली.

हे सगळं उन्हाळ्याचं होतं. हिवाळ्याला बळ मिळालं ते २०१० च्या ज्वालामुखीनंतर. विमानं बंद पडली, पर्यटक दुरावतील अशी भीती पसरली, आणि सरकार व व्यावसायिक मिळून देशाची बारमाही जाहिरात करू लागले. २०१० मध्ये पाच लाखांच्या आत असलेले परदेशी पर्यटक २०१७ मध्ये बावीस लाखांवर पोहोचले. तीच बोट दुपारी व्हेलसाठी आणि रात्री ध्रुवीय प्रकाशासाठी, असा मेळ बसला.

त्याच सुमाराला पश्चिमेच्या स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावर एक योग जुळून आला होता. पूर्वी पूर्वेच्या फ्योर्डांत हिवाळा काढणारी हेरिंग काही वर्षं ग्रुन्दारफ्योर्दुरच्या परिसरात येऊन राहू लागली, आणि तिच्यामागे ओर्काही आले. किनाऱ्यावर उभं राहूनही त्यांचे उंच काळे पर मोजता येत. हिवाळी ओर्का-सफरी इथेच रुजल्या. त्यातलाच एक फ्योर्ड कोलग्राफाफ्योर्दुर. त्याच्या तोंडावर २००४ मध्ये रस्त्यासाठी भराव घालून पूल बांधलेला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये या फ्योर्डात सुमारे ३० हजार टन हेरिंग गुदमरून मेली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आणखी २२ हजार टनांच्या आसपास. किनारा चंदेरी थराने झाकला गेला. पुढे तो कुजला, आणि शाळेतली मुलं वाचतील तेवढे मासे गोळा करायला तिथे उतरली. कारण होतं प्राणवायूची कमतरता. अरुंद, उथळ पाण्यात प्रचंड थवा दाटला होता आणि शांत, थंड हवेमुळे पाणी वरखाली ढवळलं गेलं नव्हतं. भरावाचा वाटा त्यात किती, यावर वाद झाला. नंतरच्या हिवाळ्यांत हेरिंग तिथून बाहेर सरकली आणि ओर्काही पांगले. त्या हिवाळ्यांत काढलेल्या फोटोंचा उपयोग मात्र टिकला. त्याच संग्रहावरून काही ओर्का उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या बेटांजवळ ओळखले गेले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये इटलीच्या जेनोआ बंदरात अवचित आलेला कळपही आइसलँडचाच निघाला.

आता फाक्साफ्लोई उपसागरातल्या शिकारबंदीच्या रेषेविषयी. हिवाळी सफरींवर लिहिताना ही रेषा सहसा गाळली जाते. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

व्यापारी शिकारीवरच्या आंतरराष्ट्रीय स्थगितीचा निर्णय १९८२ मध्ये झाला. त्याला आइसलँडने हरकत घेतली नव्हती. १९९२ मध्ये तो देश हा निर्णय घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेल-शिकार आयोगातून बाहेर पडला आणि २००२ मध्ये स्थगिती न मानण्याची अट घालून परत आला. तसं करता येतं का, यावर सदस्य देशांत तट पडले. २००३ मध्ये ‘वैज्ञानिक’ म्हणून मिंकची शिकार सुरू झाली, २००६ मध्ये व्यापारी शिकार. फाक्साफ्लोई हा रेक्याविकसमोरचा विशाल उपसागर. व्हेल बघणारे आणि मारणारे त्याच पाण्यात उतरले, म्हणून २००९ मध्ये काही भाग शिकारीला बंद केला गेला. तो अपुरा होता. रेषेच्या आत दिसणारा मिंक पुढच्या तासाला रेषेबाहेर जात असे.

मे २०१३ मध्ये, निवडणूक हरलेल्या सरकारच्या मंत्र्याने जाता जाता ही रेषा लांब पश्चिमेला सरकवली, जवळजवळ सगळा उपसागर तिच्या आत आला. जुलैमध्ये नव्या मंत्र्याने ती मागे घेतली. २०१७ च्या अखेरीस आणखी एका निवडणुकीनंतर मावळत्या मंत्र्याने ती पुन्हा सरकवली. शिकाऱ्यांची बाजू अशी होती की मिंक कमी झाले ते त्यांच्यामुळे नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. किनाऱ्याजवळच्या गणतीत २००१ मध्ये सुमारे ४३ हजार मिंक होते, २०१६ मध्ये साडेतेरा हजारांच्या आसपास. एवढी घट शिकारीच्या आकड्यांतून निघत नाही. पाणी तापलं, सँड ईल हा त्यांचा मुख्य मासा ढासळला आणि मिंक उत्तरेकडे सरकले, हेच तिचं मुख्य कारण दिसतं.

पण सफरवाल्यांचा मुद्दा आकड्यांचा नव्हताच. बोटीजवळ येण्याची भीड चेपलेले प्राणी बंदुकीच्या टप्प्यात सर्वांत आधी येतात, हा तो मुद्दा होता. ज्याच्या पाठीवरचा ओरखडा गाइडला पाठ आहे तो एका उन्हाळ्यात दिसेनासा होतो, याची नोंद कुठल्या गणतीत होणार? हिवाळ्यात मिंक नसतात, शिकारही नसते, मग हिवाळी सफरींना या रेषेशी काय देणंघेणं, असं विचारलं जातं. देणंघेणं पैशाचं आहे. वादळामुळे हिवाळ्यात आठवडे वाया जातात, व्हेल दिसला नाही तर पुढची सफर फुकट द्यायची प्रथा आहे. ही तूट त्याच उपसागरातला उन्हाळा भरून काढतो. २०१७ च्या निर्णयानंतर शिकाऱ्यांना दूर जाणं परवडेना. २०१८ मध्ये सहा मिंक मारले गेले, पुढची दोन वर्षं एकही नाही, २०२१ मध्ये एक. मोर्चे आणि मोहिमांनी जे साधलं नाही, ते नकाशावरच्या एका रेषेने बरंचसं साधलं.

फिन व्हेल या मिंकपेक्षा खूप मोठ्या जातीची गोष्ट वेगळी राहिली. त्यांना मरायला लागणारा वेळ अस्वीकार्य असल्याच्या सरकारी अहवालानंतर जून २०२३ मध्ये शिकार थांबवली, सप्टेंबरात पुन्हा सोडली. त्या मोसमात २४ मारले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये काळजीवाहू सरकारने, म्हणजे पुन्हा जाता जाताच, पाच वर्षांचे परवाने दिले. २०२४ आणि २०२५ या दोन्ही उन्हाळ्यांत फिन व्हेलच्या शिकारीला एकही बोट गेली नाही. २०२५ मध्ये जपानमधला भाव हे कारण सांगितलं गेलं.

हिवाळी सफरींसमोरचा खरा प्रश्न कॅपेलिनचा आहे. समुद्राचं तापमान बदलतं तसा हा मासा वाट बदलतो. २०१९, २०२० आणि २०२४ च्या हिवाळ्यांत साठा इतका कमी आढळला की त्याच्या मासेमारीला परवानगीच दिली गेली नाही. जानेवारीत संशोधन-बोटी कॅपेलिन मोजायला निघतात. त्यांच्या आकड्यांकडे आता मच्छीमारांइतकंच सफरींच्या कप्तानांचंही लक्ष असतं.